अर्धा ण, अर्धा च

३ नोव्हेंबर

प्रिय बाई,

फोनवर मला आता धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तू शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुला लिहायचं म्हटलं की मी ताठ बसते, हे तुला कळावं.

परवा आपल्या पुढाऱ्याची, दाढीची, पुतणी घरी आली होती. काकाची दाढी नाही आली तिच्याकडे, पण पुढारीपण पुरेपूर आलंय. डब्यांच्या कारखान्यातल्या संपाला फेब्रुवारीत पन्नास वर्षं होतात, त्याचं पुस्तक काढतेय. मोठ्यांची भाषणं नकोत म्हणते. आपल्यासारख्या साध्या सभासदांनी एकेक पान लिहायचं. कुणी दुधाच्या कॅनमधून पत्रकं नेली, कुणी भिंतीवर चिकटवायची खळ शिजवली, कुणी नुसताच जिन्यात पहारा केला. मला म्हणाली, "मावशी, स्टेन्सिल तुम्ही कापायचात ना? मग त्या पत्रकावरच लिहा."

लिहिलंय. हे बघ:

"संपाच्या आदल्या शनिवारी पत्रकाची स्टेन्सिल, म्हणजे छपाईचा मेणकागद, मी टाइप केली. अकरा मागण्यांची यादी आणि खाली दोन वाक्यं. 'या आमच्या अकरा मागण्या. सोमवारी सकाळी सात वाजता मागण्या दाराशी मांडू.' छापून आलं, 'मागच्या दाराशी मांडू.' अर्ध्या ण च्या जागी अर्धा च. माझं बोट घसरलं. चारशे माणसं मागच्या दाराशी गेली. ज्यांनी पत्रक वाचलंच नाही अशी आठ माणसं, बैठकीत ठरलं होतं तशी, पुढच्या दाराशी गेली. तिथे मालकानं आणलेली माणसं काठ्या घेऊन उभी होती. आठांतला एक फिटर. त्याचा डावा पाय तीन ठिकाणी मोडला. दोन वर्षांनी मी त्याच्याशी लग्न केलं."

पुढचं तुला ठाऊक आहे. मागच्या दारानं सटकणारा मॅनेजर चारशे माणसांत सापडला आणि तीन दिवसांत सात मागण्यांवर सही झाली. सगळं जग म्हणतं, वा रे दाढी, काय डाव टाकला! आणि माझ्या नवऱ्याला पन्नास वर्षं एकच टोमणा, वाचलं असतंस तर मार चुकला असता. तेव्हापासून तो साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा दोनदा वाचतो.

बोट माझं घसरलं हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. सहाजिकच भीती वाटते. पण आता नाही तर कधी? विनंति एवढीच, की पान तपासून दे आणि सांग, छापायला देऊ का?

तुझी
टकटक


९ नोव्हेंबर

प्रिय टकटक,

पत्र मिळाले. 'साहजिकच' असे लिहितात, 'सहाजिकच' नव्हे. 'विनंती' दीर्घ झाली त्यालाही आता जन्म लोटला. पत्राला पूर्णविराम मात्र आहेत, ही प्रगती.

पान छापायला देऊ नकोस. फिटरचे वय झाले आहे, त्याला रक्तदाब आहे. दाढी जाऊन बारा वर्षे झाली, त्याच्या नावावर एक हुशारी आहे ती राहू दे. पन्नास वर्षांपूर्वीचे एक अक्षर उकरून कोणाचे भले होणार? बोट घसरले असेल, नसेल. तुला तरी काय खात्री?

खळीवर लिही. तीन चुलींवर तीन जणींनी शिजवली आणि तिन्ही करपल्या, हे वाचायला लोकांना आवडेल. किंवा सहाव्या मागणीवर लिही.

माझे ठीक चालले आहे. दोन खोल्या, तिसरा मजला, गुडघे कुरकुरतात पण चढतात. मंगळवारी आणि शुक्रवारी खालच्या वाचनालयात मोठ्या माणसांना लिहायला शिकवते. काल एका सुतारकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बायकोचे नाव लिहिले आणि म्हणाले, "बाई, हे तर लहानसंच आहे!" पाच वर्षांत सगळे बदलेल म्हणून त्या काळी मी घड्याळसुद्धा घेतले नव्हते. क्रांतीनंतर सगळ्यांना मिळेलच, मग आत्ता खर्च कशाला! शेवटी बावीस वर्षे थांबून स्वतःच घेतले. तक्रार नाही. घड्याळ चांगले आहे.

पान पाठवू नकोस. ऐक माझे.

बाई


१५ नोव्हेंबर

प्रिय बाई,

तू "ऐक माझे" म्हणालीस आणि मी ऐकलं नाही, असं आजवर तीनदा झालं. क्रांतीआधी लग्न करायचं नाही अशी आपण शपथ घेतली होती ती मोडली तेव्हा एकदा. केस कापले तेव्हा एकदा. तिसरी वेळ ही.

खात्री आहे, बाई. पत्रक अजून माझ्याकडे आहे. त्या दिवशी रुग्णालयात फिटरचे कपडे माझ्या हातात दिले, त्याच्या खिशात ते सापडलं. घडीसुद्धा मोडली नव्हती. तिथे बाकावर बसून मी पहिल्यांदा छापील प्रत वाचली आणि तिथेच रडत बसले. तो अर्धा च आहे. शेपटी जराशी वाकडी आहे, बोट अर्धवट पडल्यासारखी. दुसऱ्या कुणाचं बोट असणार? त्या मशीनला हात लावायला मी दाढीलाही देत नव्हते.

सहाव्या मागणीवर लिहायचं तर आनंदानं लिहीन. बायकांच्या संडासाला आतून कडी. क्रांती आली नाही, पण कडी आली. परवा पुतणीला सांगितलं तर ती हसली. म्हटलं, बये, दारावर मैत्रीण उभी करून आत जायची वेळ तुझ्यावर आलेली नाही, म्हणून हसतेस. त्या कडीवर मी आजही खूश आहे. आयुष्यात एवढं तरी केलं असं वाटतं.

पण ते दुसरं पान झालं. हे पान राहतंच.

तू विचारलंस, कोणाचं भलं होणार. खरं सांगू? पहिले तीन महिने मी रुग्णालयात रोज जायचे ती निव्वळ अपराधीपणानं. डबा न्यायचे, वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. नंतर कधीतरी मी त्याच्याचसाठी जायला लागले, पण नेमकं कुठल्या दिवशी, ते मला सांगता येत नाही. म्हणून भीती वाटते. तो विचारेल, "तू लग्न माझ्याशी केलंस की माझ्या पायाशी?" आणि बाई, माझ्याकडे उत्तर तयार नाही. रक्तदाबाचं सोड, तो माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

ठरवलंय. चोवीस तारखेला रविवार आहे. दुपारी जेवण झालं की सांगणार. त्यानंतर तो काय म्हणेल ते म्हणेल.

टकटक


१९ नोव्हेंबर

टकटक,

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. रविवारच्या आत मिळाले पाहिजे. मिळाले, तर त्याला काही सांगू नकोस, कारण तुझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही.

तुझे बोट घसरले नव्हते. तू 'मागण्या' असेच कापले होतेस. 'मागच्या' मी केले.

त्या शनिवारी संध्याकाळी तू आईकडे गेलीस. मी सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत आले. तपासणी माझे काम. स्टेन्सिल खिडकीच्या काचेवर धरली आणि वाचली. सगळी स्वच्छ. मग शेवटची दोन वाक्ये. 'या आमच्या अकरा मागण्या' आणि लगेच पुन्हा 'मागण्या दाराशी मांडू'. लागोपाठ दोनदा तोच शब्द. माझ्या डोळ्यांना ते खुपले. दुसरे, कारखान्याला दारे दोन, मग नुसते 'दाराशी' कसे चालेल? कोणत्या दाराशी? दाढीचे हस्तलिखित काढून बघितले. त्याचे अक्षर तुला ठाऊक आहे, पावसात भिजलेल्या मुंगीसारखे. ते 'मागच्या' म्हणून वाचले तर 'मागच्या' होते. मी म्हटले, हा टकटकचा घोटाळा. चूक बुजवायचा लाल द्रव लावला, फुंकर घालून वाळवला आणि लोखंडी कोरणीने अर्ध्या ण च्या जागी अर्धा च कोरला. शेपटी वाकडी आली. माझ्या हातून वाकडी रेघ सहसा येत नाही, म्हणून लक्षात आहे.

शुक्रवारच्या बैठकीला मी नव्हते. परीक्षेचे पेपर तपासत होते. असते, तर पुढचे दार ठरल्याचे मला कळले असते. विचारायला दाढी कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, तो लपलेला. पण खरे सांगायचे तर, तो समोरच्या खुर्चीवर असता तरी मी विचारले नसते. भाषेच्या बाबतीत मी कोणाला विचारत नसे.

सोमवारी दाढी स्वतः पुढच्याच दाराकडे निघाला होता. गर्दी मागे वळलेली पाहिली आणि तोही वळला. पुढारी लोकांच्या मागून गेला, एवढाच त्याचा डाव. सात मागण्या मान्य झाल्या त्या दिवशी त्याने मला कोपऱ्यात घेऊन विचारले, "हे 'मागच्या' कुणी केलं गं?" मी तोंड उघडणार, एवढ्यात चौघांनी त्याला खांद्यावर उचलले. त्याने पुन्हा विचारले नाही. मी सांगितले नाही. दोघांचे भागले.

आठ माणसांना माझ्यामुळे मार बसला हे मला सोमवारी आठ वाजताच कळले होते. रुग्णालयात आले ती सांगायलाच. तू बाकावर बसून रडत होतीस. मला वाटले, हिचे त्याच्यावर प्रेम आहे. प्रेमात माणूस रडते आहे, तिथे आपली चूक घेऊन कुठे जायचे? परत फिरले. तू काय समजून रडत होतीस ते मला या महिन्याच्या तीन तारखेच्या पत्राने कळले. शपथेवर सांगते, त्याआधी ठाऊक नव्हते.

पुढे छत्तीस वर्षे मी अर्ध्या अक्षरासाठी मुलांचे गुण कापले.

बाई


२ डिसेंबर

बाई,

तुझं पत्र पोचलं सोमवारी, पंचवीस तारखेला सकाळी. जलद टपाल म्हणे.

रविवारी मी सांगून मोकळी झाले होते. कसं झालं ते ऐक. जेवण झालं, मी भांडी तशीच ठेवली, त्याच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग चष्मा काढून म्हणाला,

"म्हणजे पत्रकात चूक होती?"

"हो."

"ठरलेलं दार पुढचंच होतं?"

"हो."

"म्हणजे मी बरोबर जागी उभा होतो?"

"अरे, हो! पण..."

पण ऐकायला तो होता कुठे? काठी घेतली, चपला घातल्या आणि तरातरा न्हाव्याच्या दुकानाकडे निघाला. रविवारी तिथे जुने सगळे जमतात. मी इकडे डोळे पुसत बसलेली, आणि हा दोन तासांनी शिट्टी वाजवत परत! कारखान्यातल्या जुन्या वेल्डरनं त्याची माफी मागितली म्हणे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा टोमणा मारणाऱ्याच्या पैशानं चहा प्यायला.

मी म्हटलं, "आणि तुझा पाय?"

"पायाचं काय?"

"माझ्यामुळे मोडला ना."

तो माझ्याकडे असा बघायला लागला जसा नव्या शिकाऊ पोरांकडे बघायचा. "काठीनं मोडला. काठी तुझ्या हातात होती का? मालकानं माणसं आणली, त्यांनी मारलं. एवढी वर्षं अभ्यासवर्ग केलेस आणि दोष कुणाचा हे अजून कळेना?"

हे झालं रविवारी. सोमवारी तुझं पत्र. मी वाचलं, त्यानं वाचलं, अर्थातच दोनदा. तो म्हणाला, "बाईला लिही, पुढच्या दाराशी चारशे माणसं आली असती तर चारशेंची डोकी फुटली असती. आठांवर भागलं. म्हणावं, चूक होती, पण चांगल्या घराण्यातली होती."

तो त्याचा निरोप झाला. आता माझा.

मी रागावले आहे. अक्षरावरून नाही. पन्नास वर्षं गप्प बसलीस त्यावरूनही नाही, मी स्वतःला दोष देतेय हे तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. मी रागावले आहे नऊ नोव्हेंबरच्या पत्रावरून. तेव्हा तुला सगळं कळलं होतं. मी काय घेऊन जगले ते वाचून, टेबलावर ठेवून, तू मला 'साहजिकच' कसं लिहायचं ते शिकवलंस. दोन चुका काढल्यास माझ्या, आणि तिसरी जी माझी नव्हतीच ती माझ्याच पदरात राहू दिलीस. वर "तुला तरी काय खात्री?" बाई, हे वाक्य लिहिताना तुझा हात अडला नाही?

आणि तो प्रश्न फिटरनं विचारलेलाच नाही. मी रोज वाट बघते. विचारून टाकला तर सुटेन.

टकटक


९ डिसेंबर

प्रिय टकटक,

हात अडला नाही. तेच वाईट. सवयीचा हात आहे, चूक दिसली की पळतो, फक्त स्वतःची दिसली की थांबतो. तुझे म्हणणे पूर्ण मान्य. त्यावर मी काही स्पष्टीकरण देणार नाही, दिले तर तेही नीटनेटके होईल.

सोबत माझे पान. पुतणीकडे गेल्या आठवड्यातच पाठवले.

"पत्रकाची तपासणी मी करत असे. स्टेन्सिल कापणारीने 'मागण्या' असे अचूक कापले होते. मी ते न विचारता 'मागच्या' केले. डाव कोणाचाही नव्हता. पुढच्या दाराशी जे आठ जण गेले, ते ठरल्याप्रमाणे गेले. त्यांना कोणी 'न वाचणारे' म्हणू नये. ही गोष्ट मी पन्नास वर्षे लपवली आणि मैत्रीण दोष स्वतःवर घेते आहे हे कळल्यावरही सहा दिवसांनी एकदा, लेखी, तिच्यापासून लपवली. त्याबद्दल तिची क्षमा मागते."

पुतणीचा फोन आलाच. "मावशी, काकांच्या डावावर तर अख्खं प्रकरण आहे हो!" मी म्हटले, प्रकरण काढ. ती म्हणाली, लोकांना वाईट वाटेल. मी म्हटले, चारशे माणसे एका चुकीच्या शब्दावर एकदिलाने चालत गेली आणि जिंकली, यात वाईट काय आहे? मला तर जितका विचार करावा तितके हे दाढीच्या डावापेक्षा चांगले वाटते. मग ती म्हणाली, "दोन्ही पानं शेजारी छापू का? तुमचं आणि टकटकमावशीचं?" मी सांगितले, तिला विचार. तिच्या वतीने मी आता काही ठरवत नाही.

सुतारकाकांना शुक्रवारी ही हकिगत सांगितली. वर्गात, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, "बाई, तुम्हीपण?" इतका आनंद मी गेल्या कित्येक दिवसांत कोणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. त्या दिवशी वर्गात सगळ्यांनी न घाबरता लिहिले. चुका भरपूर केल्या.

तुझ्या उत्तराची घाई नाही. वाट मात्र बघते आहे.

बाई


१२ जानेवारी

प्रिय बाई,

महिनाभर मुद्दाम लिहिलं नाही. तुला वाट बघायला लावायची होती. आता पुरे.

पुतणीला होकार दिला. माझं पान जसंच्या तसं छापणार, "माझं बोट घसरलं" यासकट, आणि समोर तुझं. ती म्हणत होती, आता खरं कळलंय तर तुमचं बदलूया का? म्हटलं, नको. मी पन्नास वर्षं जे मानत आले तेही घडलेलंच आहे. आठांपैकी आता तिघं उरलेत, त्यांचा फोटो त्याच पानावर येणार आहे. फिटर फोटोसाठी दाढी करायला गेला आणि न्हाव्याकडून पैसे न देता आला, म्हणतो मला आता तिथे मान आहे.

फेब्रुवारीत तू इकडेच उतर. माझा राग गेलाय, थोडासा ठेवलाय, समोर बसून भांडायला. पत्रात तुझ्याशी भांडण्यात मजा नाही, तू मनात लाल शाई घेऊन वाचतेस.

आणि विचारलं त्यानं शेवटी. काल.

थंडी फार आहे. अशा दिवसांत त्याचा पाय आखडतो, मग संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी लागते. लग्न झाल्यापासून ती मी भरते. त्यानं हाक मारायच्या आत भरते, एक दिवस चुकवलेला नाही. का, ते आता तुला सांगायला नको. काल मी खुर्चीत बसून होते. पाणी तापवायचं लक्षातच आलं नाही. कसं लक्षात आलं नाही याचंच मला नवल वाटलं.

तो आतून म्हणाला, "काय गं, पिशवी?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "पाय मोडला होता, हात नव्हे. भर की तुझी तू."

मग तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "एक विचारू? लग्न माझ्याशी केलंस की या पायाशी?"

इतके दिवस जे उत्तर सापडत नव्हतं ते सरळ आलं बघ. म्हटलं, "पायाशीच केलं. बाकीचा तू नंतर आवडलास."

तो इतका हसला की भिंतीला टेकावं लागलं. हसतहसतच स्वयंपाकघरात गेला. भांड्यांचा आवाज, पाणी सांडल्याचा आवाज, एक शिवी. बऱ्याच वेळानं बाहेर आला तो दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन.

"दुसरी कुणाला?" मी विचारलं.

"तुझ्या कमरेला. ती काय माझ्यामुळे दुखत नाही?"

आम्ही दोघं पिशव्या लावून शेजारी शेजारी बसलो. त्यानं पाणी फार कडत भरलं होतं. मी मधे पदराची घडी घातली.

तुझी
टकटक